भाचीला लंडनला एलएलएम करायचंय, पैसे कसे उभे करावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गृहस्थांच्या भाचीने पुण्यात पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला, सनद घेतली आणि दोन वर्षं मुंबईत एका वकिलांच्या चेंबरमध्ये काम केलं. आता लंडनच्या एका विद्यापीठाची सप्टेंबरपासूनच्या एलएलएमची (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीची) ऑफर आली आहे. फी 32 हजार पौंड. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, चार एकर शेती, गावात घर. नातेवाईक मदत करू म्हणतात, मुलीचे दुसरे एक मामा अमेरिकेत आहेत, आणि घरातली तरुण मंडळी ऑनलाइन निधी गोळा करा म्हणून मागे लागली आहेत. सुरुवात कुठून करायची?

मी सीए आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या फायली माझ्याकडे असतात आणि एका ज्ञातीसंस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवरही मी बसतो, त्यामुळे मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची अशा दोन्ही बाजू ओळखीच्या आहेत. तुमच्या पत्रात सगळा भर ‘कोणाकोणाकडे मागायचं’ यावर आहे. तो प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी हे ठरवा की पैसा कोणाच्या नावावर येणार, कुठल्या खात्यात राहणार, कोणत्या तारखेला तिथे असणार आणि भेट म्हणून येणार की उसने म्हणून. या चार गोष्टी ठरल्या नाहीत तर पैसे जमूनही व्हिसा अडकतो, किंवा पुढच्या वर्षी आयकराची नोटीस घरी येते.

आधी आकडा. हिशेबापुरता पौंड 120 रुपये धरा, चढ-उताराला थोडी जागा वेगळी ठेवा. फीचे 38 लाख 40 हजार. लंडनमधल्या राहण्या-खाण्यासाठी ब्रिटिश सरकार नोव्हेंबर 2025 पासून महिन्याला 1,529 पौंड धरतं. ते व्हिसासाठी नऊच महिन्यांचे दाखवावे लागतात, पण मुलगी बारा महिने जेवणार आहे, तेव्हा 22 लाख. आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. वर्षभराच्या अभ्यासक्रमाला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीडपट, 1,164 पौंड, तोही अर्जासोबतच भरायचा. व्हिसा फी, विमान, पहिल्या महिन्याचं घरभाडं आणि अनामत धरून एकूण 64-65 लाख होतात. तुम्ही लिहिलेले 45 लाख हे फी आणि ‘थोडं वरखर्चाला’ असे आहेत. ते पुरणार नाहीत.

आता एक आगाऊ प्रश्न, राग मानू नका. एलएलएम कशासाठी? तिला इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं असेल, तर त्यासाठी एलएलएम लागतच नाही. 2021 पासून तिथे एसक्यूई नावाची परीक्षा आहे. भारतीय पदवीधर ती देऊ शकतो, आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. त्याचा खर्च एलएलएमच्या मानाने फारच कमी. आंतरराष्ट्रीय लवाद, स्पर्धा कायदा, मानवाधिकार असल्या विषयात खोल जायचं असेल, किंवा पुढे शिकवायचं असेल, तर एलएलएमला अर्थ आहे. मात्र इथे कायद्याच्या कॉलेजात प्राध्यापकी करायची असेल, तर परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम भारतात सरसकट समकक्ष मानलं जात नाही हेही पाहून ठेवा. हे मी फुकटचा उपदेश म्हणून सांगत नाही. आमच्या समितीसमोर हाच प्रश्न पहिला येतो, आणि ‘परदेशी शिक्षणाने क्षितिजं रुंदावतात’ असं उत्तर देणाऱ्याची फाईल बाजूला पडते.

उत्तर पक्कं असेल तर पुढे चला. 64 लाख जमवायच्या आधी ते कमी करता येतात का पाहा. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला भाचीने स्वतः ईमेल लिहावा. दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर असेल तर ती जोडावी, आणि नेमकी किती तूट आहे ते आकड्यात सांगावं. अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये अशी घासाघीस अगदी सर्रास चालते. ब्रिटनमध्ये कमी, पण विभागाच्या स्वतःच्या लहान शिष्यवृत्त्या असतात आणि त्यांची जाहिरात फारशी होत नाही. तीन हजार पौंड सुटले तरी साडेतीन लाख झाले. गावात तेवढे जमवायला किती उंबरे झिजवावे लागतील याचा हिशेब करा.

शिष्यवृत्त्यांबद्दल थोडक्यात, कारण यंदाच्या सप्टेंबरसाठी बहुतेक दारं बंद झालेली असतील. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतात. त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, जो हिच्याकडे आहे, आणि शिक्षणानंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग याच ठिकाणांसाठी आहे, आणि हुशार पण ऐपत नसलेल्यांसाठी आहे. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जातीत किंवा नवबौद्धांत बसत असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती या दोन्ही पाहा. ओबीसी, भटके विमुक्त, आदिवासी, मराठा (सारथीमार्फत) आणि खुला प्रवर्ग यांच्यासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. बहुतेकींत उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान या दोनच गोष्टींवर गाडी अडते. शिक्षकाचा पगार आठ लाखांच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांत एकच आकडा आहे ना, एवढं आधी बघा. गोव्यातल्या वाचकांना शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, ती त्यांनी सोडू नये.

मुंबईतल्या कर्जाऊ, म्हणजे पुढे परत फेडायच्या, शिष्यवृत्त्या मात्र वेगळ्या सांगतो, कारण त्या अनेकांना ठाऊकच नसतात. जमशेदजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट आजही चालू आहे. के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी देतो. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनही बिनव्याजी देतं. इनलॅक्सची तर संपूर्ण शिष्यवृत्ती आहे, पण तिथे स्पर्धा कडक. कर्जाऊ म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण बँकेच्या दहा-साडेदहा टक्क्यांच्या तुलनेत बिनव्याजी पाच-सात लाख म्हणजे किती वाचले ते काढून बघा. शिवाय अशा संस्थेने निवडलं हे कागदावर आलं की पुढच्या देणाऱ्याचा हात मोकळा होतो. आमच्या समितीत तरी हे हमखास घडतं.

आता बँक, आणि इथे तुमची खरी अडचण आहे. चार एकर शेती आहे म्हणून तुम्ही निर्धास्त दिसता. शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, कारण थकलेलं कर्ज वसूल करायचा जो सरफेसी कायदा आहे त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे सातबारा कितीही कोरा असला तरी मॅनेजर मान हलवणार. उरलं गावातलं घर. ते गावठाणात असेल, तर त्याचा बँकेला चालेल असा मालकीचा कागद आहे का, बांधकामाला परवानगी होती का, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर वारसनोंद झाली का, हे आजच तपासा. बँकेच्या पॅनेलवरचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि त्यात एखाद्या आत्याची सही राहिलेली हमखास सापडते. तिचं हक्कसोडपत्र करायला लागला महिना. एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातला एखादा फ्लॅट किंवा मुदत ठेवी असतील तर काम हलकं होतं. असे तारण म्हणून मामाने स्वतःचा फ्लॅट दिला तरी चालतो. मोठी मदत ही अशीही करता येते, रोख न देता.

विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या अभियांत्रिकीच्या मुलांमागे धावतात, कायद्याच्या मुलांना तेवढ्या उत्साहाने देत नाहीत, आणि दिलं तर व्याज चढं. बँक स्वतःची गुंतवणूक म्हणून दहा ते पंधरा टक्के मार्जिन मागेल, तेही लक्षात असू द्या. 35 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी बारा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण 43 हजार, आणि शिकत असतानाचं व्याज चढलं तर त्याहून जास्त. मुंबईत परत येऊन चेंबरमध्ये बसली तर हा हप्ता कोण भरणार, हे भाची आणि तिचे वडील यांनी बसून बोलायला हवं. तुम्ही नव्हे. व्याजावरची करसवलत (जुन्या कायद्यातलं 80 ई) स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी असते, आणि जुन्या कररचनेतच मिळते. वडील हप्ता भरतील तर त्यांना मिळेल. मामाने भाचीसाठी व्याज भरलं तर मामाला नाही.

नातेवाइकांच्या पैशाकडे येऊ. आयकराच्या दृष्टीने आईवडील, भावंडं, आणि आईवडिलांची भावंडं, म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या, हे सगळे आणि त्यांचे जोडीदार ‘नातलग’ आहेत. त्यांनी दिलेली भेट कितीही मोठी असो, मुलीला कर नाही. पण चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसबहीण या यादीत नाहीत. वडिलांचे मित्र नाहीत, शाळेतले सहकारी नाहीत. या मंडळींकडून वर्षभरात मिळून 50 हजारांच्या वर भेट आली, तर वरची रक्कम नव्हे, सगळीच्या सगळी तिचं उत्पन्न धरली जाते. पुण्यातला मामेभाऊ दोन लाख देतो म्हणतो ना? त्याच्याकडून ते उसने घ्या. साध्या कागदावर रक्कम, तारीख, फेडीची मुदत, व्याज नाही असं लिहा, दोघांच्या सह्या, पैसे बँकेतून. उसने पैसे उत्पन्न होत नाहीत. रोखीने मात्र 20 हजार किंवा वरची उसनवारी कायद्याने बंद आहे, देणाऱ्याने कितीही मन मोठं केलं तरी.

नात्यात उसने घेण्याची लाज वाटत असेल तर एक सांगतो. बाबासाहेब आंबेडकर 1920 साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला परतले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून राखलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले 5,000 रुपये, अशी मोळी बांधून. एकाच दात्याने सगळं उचलावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

यानंतरचा भाग नीट वाचा, कारण व्हिसा इथे नाकारला जातो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारी रक्कम मुलीच्या स्वतःच्या किंवा तिच्या आईवडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस असावी लागते, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांतला असावा लागतो. मामाच्या खात्यातले 20 लाख मोजले जात नाहीत, मामा किती का सख्खा असेना. 28 दिवसांत एक दिवस जरी शिल्लक हजार रुपयांनी खाली गेली तरी मोजणी फुकट. म्हणून त्या खात्याला जोडलेला विम्याचा हप्ता, एसआयपी, वीजबिल हे सगळं आधी दुसऱ्या खात्यावर वळवा. शेअर, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी धरत नाहीत. मुदत ठेव मोडता येण्याजोगी असेल तर चालते. तुमच्याकडे पतसंस्थेत ठेवी असतातच. त्या दाखवायच्या भानगडीत पडू नका, आत्ताच राष्ट्रीयीकृत बँकेत आणा.

आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर जन्मदाखला लागतो. जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसणं, आईचं नाव माहेरचं असणं, पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं असणं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ग्रामपंचायतीत दुरुस्तीला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी काय सांगू. विद्यापीठाला आगाऊ भरलेली फी दाखवायच्या रकमेतून वजा होते, त्यामुळे मोठा हप्ता आधीच भरून टाकला तर खात्यात तेवढं कमी अडकून राहतं. पैसे बाहेर पाठवताना वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ वसूल करते तो कर) कापत नाहीत. शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या रकमेवर एप्रिल 2025 पासून अजिबात नाही. म्हणून फी कर्जातून आणि राहण्याचा खर्च घरच्या पैशातून, अशी वाटणी करा.

अमेरिकेतल्या मामांनी पैसे तुमच्या खात्यावर पाठवू नयेत. ते अजून भारतीय पासपोर्टवर असतील तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशाला अडचण नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या नजरेत ते परकीय स्रोत ठरतात, आणि त्या कायद्यातली नातलगांची यादी आयकरापेक्षा अरुंद आहे, तिच्यात मामा नाही. यातून सरळ वाट अशी की त्यांनी फीचा काही भाग थेट लंडनच्या विद्यापीठाला भरावा. त्यांनाही ते सोयीचं. अमेरिकेत शिक्षणसंस्थेला थेट भरलेल्या फीवर भेटकर नाही, आणि ती रक्कम त्यांच्या वार्षिक मर्यादेत (2025 साठी माणशी 19 हजार डॉलर) मोजलीही जात नाही. राहण्याच्या खर्चाला ही सवलत नाही. त्यांना ‘काहीतरी पाठवा’ म्हणू नका, ‘फीचा दुसरा हप्ता, अमुक तारखेला, अमुक पौंड’ असं सांगा.

ऑनलाइन निधीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पोरं ‘गोफंडमी’ म्हणत असतील तर भारतातल्या बँक खात्यात तिथून पैसे काढता येत नाहीत. मिलाप, केटो वगैरे इथले मंच आहेत. पण माझ्या पाहण्यात शिक्षणासाठीच्या मोहिमेत पैसा देतात ते ओळखीचेच लोक. अनोळखी माणूस आजारी बाळासाठी खिशात हात घालतो, लंडनच्या एलएलएमसाठी सहसा नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. तेव्हा 64 लाखांची मोहीम लावून तीन लाखांवर अडकून राहण्यापेक्षा, बाकी सगळं जुळल्यावर शेवटच्या तीन-चार लाखांसाठीच लावा. ‘60 लाख जुळले, 4 लाख हवेत’ हे वाक्य लोकांना देतं करतं. मात्र 50 हजारांचा आयकराचा नियम इथेही लागू होतो हे विसरू नका. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने रीतसर शिष्यवृत्ती म्हणून दिलेल्या पैशाला ती अडचण येत नाही, म्हणून मोठे दाते असतील तर त्यांना एखाद्या संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीकडे वळवा. पण मग निवड संस्था करणार, दाता नाव सांगून पावती मागू शकत नाही. आणि भाची सनदधारक आहे. वकिलांना जाहिरातबंदी आहे, चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात स्वतःचे फोटो छापून आणायलाही मनाई आहे. तेव्हा काळा कोट, कोर्टाची पायरी आणि ‘गरिबांसाठी लढणारी’ हे पोस्टर काढूच नका.

आवाहन कसं असावं याचा नमुना आपल्याच मातीत आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती, पण बाई म्हणून नाकारली गेली. मग 1888 मध्ये मेरी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून निधीचं आवाहन केलं, देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. नीट पाहा, त्यात गरिबीचं रडगाणं नव्हतं. काय मिळवलं, काय अडलं आणि शब्द कोण देतंय, एवढंच होतं.

आमच्याकडे आलेल्या अर्जांतले बहुतेक चार पानी असतात, आणि त्यातली पहिली दोन ‘लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती’ यात जातात. तुमच्या भाचीने एवढंच लिहिलं तरी पुरे: ‘मी अमुक. लवादाच्या कायद्यात एलएलएमसाठी अमुक विद्यापीठाची ऑफर आहे, सोबत जोडली आहे. एकूण खर्च 64 लाख. कर्ज 35, आईवडील 12, मामा 9, संस्था 4, असे 60 जुळले, कागद सोबत. 4 लाख कमी आहेत. तुमच्याकडून 50 हजार बिनव्याजी हवेत, नोकरी लागल्यापासून दोन वर्षांत फेडीन. मला ओळखणाऱ्या दोन वकिलांची नावं खाली दिली आहेत.’ पत्र तिने स्वतः लिहावं, सही तिची, फोनवर तिनेच बोलावं. मामा बोलतो आणि मुलगी शेजारी गप्प बसते, असं दिसलं की देणारा मनातल्या मनात अर्धी रक्कम कमी करतो.

तिथे गेल्यावर काम करून भागवू हा हिशेब धरू नका. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, व्हिसासाठी ती कमाई मोजत नाहीत, आणि स्वतंत्र व्यवसायाला बंदी असल्याने इथल्या अशिलांचे मसुदे तिथे बसून लिहून देणंही बसत नाही.

जूनअखेर कर्जमंजुरीचं पत्र हातात नसेल, तर विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करा. बरीच विद्यापीठं मान्य करतात, मात्र भरलेलं डिपॉझिट पुढे धरणार का हे लेखी विचारून घ्या. त्या वर्षात चेव्हनिंगचा अर्ज ऑगस्टमध्ये, मुंबईतल्या ट्रस्टांचे अर्ज हिवाळ्यात, घराचे कागद तोपर्यंत सरळ, आणि मुलीच्या नावावर आणखी एका वर्षाचा अनुभव. घराच्या कागदांना हात आजच घाला, सप्टेंबर यंदाचा असो की पुढचा.